गंजावर रंग मारायचा नाही

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि इअरफोन घरी विसरल्यामुळे हा एपिसोड वाचत असणाऱ्यांचंही स्वागत.

मागच्या काही भागांत मी बोलता बोलता "आमची गाडी, आमची गाडी" म्हणत होतो. ही गाडी नेमकी काय भानगड आहे, ते आज सांगतो. विषय दोन आहेत. पहिला, जुनी गाडी घेऊन तिचं फिरतं घर कसं करायचं. दुसरा, आपला विश्वास, माझ्या बाबतीत ख्रिस्ती विश्वास, दुसऱ्याला सांगायचा म्हणजे काय करायचं. दोन्ही गोष्टी मी एकाच ठिकाणी शिकलो, भंडाऱ्याजवळच्या वरठीतल्या एका गॅरेजमध्ये. आणि खरं सांगतो, दोन्हींत मी आधी माती खाल्ली.

घेताना काय पाहायचं

आमच्या घरी फिरायची हौस मोठ्या बाबांना. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शाळेत शिक्षक होते, आता रिटायर. मोठ्या आईचे गुडघे दुखतात, लॉजचे जिने चढवत नाहीत. म्हणून ठरलं की घरच सोबत न्यायचं. नवीन तयार मोटरहोमची किंमत ऐकली आणि फोन ठेवून दिला. मग नागपुरात एक जुनी बारा सीटची ट्रॅव्हलर मिळाली. २०१४ चं मॉडेल, आधी शाळेची मुलं नेणारी. बाहेरून एकदम चकाचक. मला तर फोटो पाहूनच आवडली होती.

इथे पहिला धडा. जुन्या गाडीचा चकाचक रंग पाहून खूश व्हायचं नाही, उलट घाबरायचं. माझ्यासोबत आलेल्या मिस्त्रीभाऊंनी रंगाकडे पाहिलंच नाही. ते सरळ गाडीखाली शिरले. पेचकसाच्या मुठीने पत्र्यावर ठोकत गेले. चांगला पत्रा टणटण वाजतो. आतून खाल्लेला पत्रा भदभद वाजतो. पायरीखाली, मागच्या चाकाच्या वर आणि फ्लोअरच्या मॅटखाली आवाज बदलला. बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊ, गंजावर रंग मारला आहे जी. वरून पोरगी पाह्यले आल्यासारखी सजवली."

गाडी तरीही घेतली, कारण चेसिस सरळ होती, इंजिन थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू झालं आणि धूर पांढरा-निळा नव्हता. पण गंजाचं दाखवून किंमत खाली आणली. तुम्ही घ्याल तर एवढं नक्की करा:

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर काहीतरी लपवतोय असं समजा. चेसिस नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. गाडीवर कर्ज होतं का, आणि ते फिटल्याची बँकेची एनओसी आहे का, विचारा. टायरची झीज आतल्या बाजूला जास्त असेल तर पुढच्या भागाचं काम निघणार. आणि पावसाळ्यात भिजलेल्या फ्लोअरचा कुबट वास परफ्यूमने जात नाही, नाकावर भरवसा ठेवा.

आणखी एक, सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात महत्त्वाचं. आधी आरटीओ, मग ग्राइंडर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. नोंदणीत जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल करायचा तर परवानगी लागते. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वेगळा प्रकार आपल्या नियमांत आहे. तेव्हा सीट काढण्याआधी आपल्या आरटीओत जाऊन विचारा आणि इन्शुरन्सवाल्यालाही लेखी कळवा. यूट्यूबवर कोणी काय केलं, हे चौकात पोलिसाला सांगून चालत नाही.

पत्रा, ऊन आणि वीज

काम वरठीला केलं. भंडारा रोड स्टेशन भंडारा शहरात नाही, दहा-बारा किलोमीटरवर वरठीला आहे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. मिस्त्रीभाऊंचं गॅरेज रुळांपासून जवळ. हावडा-मुंबई लाईन असल्यामुळे दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते आणि तेवढा वेळ सगळे बोलणं थांबवतात.

पहिला महिना फक्त गंज काढण्यात गेला. गंजलेला भाग कापायचा, नवा पत्रा वेल्ड करायचा, घासायचं, रेडऑक्साइड मारायचं, मग रंग. मला घाई होती. मी म्हणालो, "वरून पुट्टी भरून टाका ना." मिस्त्रीभाऊ म्हणाले, "भरतो. पन पुढच्या सालच्या पावसात माह्यं नाव नका घेऊ." मी गप्प बसलो.

त्यानंतर ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. पत्र्याची गाडी म्हणजे तवा. छताला आतून इन्सुलेशन, वर पांढरा रंग, आणि छतावर हवा बाहेर टाकणारा व्हेंट. खिडकी खाली आणि व्हेंट वर, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी येते. हा व्हेंट बसवण्याचं काम मी हट्टाने स्वतः केलं. लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता वीज. यात लोक अंदाजपंचे खर्च करतात, म्हणून हिशेब सांगतो. डीसी फॅन ३० वॅटचा, रात्री ८ तास, झाले २४० वॅट-अवर. ५ वॅटचे चार दिवे, ४ तास, झाले ८०. दोन फोन चार्ज करायला साधारण ३०. पाण्याचा छोटा पंप, १०. एकूण ३६०. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १२०० असतात, पण साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी ६००. आपलं काम भागतं. छतावर २०० वॅटची सोलर प्लेट असेल तर चांगल्या उन्हात दिवसभराची भरपाई होते. श्रावणात होत नाही, तेव्हा गाडी चालवताना इंजिनवरून चार्ज करायची.

वायर मात्र जाड घ्या. २४० वॅटसाठी घरच्या २३० व्होल्टला करंट लागतो साधारण १ अँपिअर. तेच काम १२ व्होल्टवर करायचं तर लागतात २० अँपिअर. घरातली बारीक वायर इथे वापरली तर ती तापते, आणि गाडीला आग अशीच लागते. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, दिव्याजवळ नाही.

गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारं भोक हवंच. गळती साबणाच्या पाण्याने तपासायची, काडी पेटवून कधीच नाही. आणि पाण्याची टाकी ६० लिटरची म्हणजे ६० किलो वजन, हे विसरून सगळं सामान एकाच बाजूला लावू नका.

एका पत्रकाची गोष्ट

आता दुसरा विषय. हे सांगायला मला थोडी लाज वाटते, पण सांगतो.

मी ख्रिस्ती घरातला. आजी सकाळी भाकरी थापताना 'उपासना संगीत'मधली गाणी म्हणायची. त्यातली कितीतरी नारायण वामन टिळकांची, हे मला फार उशिरा कळलं. चर्चमध्ये लहानपणापासून ऐकत आलो की आपल्याला मिळालेली चांगली बातमी दुसऱ्यांना सांगायची असते. पण सांगायची कशी, हे कोणी बसून शिकवलं नव्हतं.

तर तिसऱ्या आठवड्यात मी एक पत्रक घेऊन गॅरेजला गेलो. मिस्त्रीभाऊ गाडीखाली पाठीवर पडून साइलेन्सरचा नट सोडवत होते. डोळ्यांत गंज पडत होता. मी वाकून त्यांच्यापुढे पत्रक धरलं आणि म्हणालो, "भाऊ, हे वाचा बरं का, जीवन बदलेल."

ते काही बोलले नाहीत. दोन काळ्या बोटांनी कागद घेतला, डॅशबोर्डवर ठेवला. त्या दिवशी चहाला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्या हाताखालच्या पोराने मला हळूच विचारलं, "भाऊ, हे गाडी त्याच कामासाठी बनवून राह्यले का?"

त्या प्रश्नाने मला चटका बसला. मी पाहत होतो तो एक मिस्त्री, ज्याला "सांगायचं" आहे. त्याला दिसत होता तो एक मालक, ज्याच्याकडून पैसे यायचे बाकी आहेत आणि जो आता धर्माचंही बोलतोय. त्याने "नको" म्हटलं तर काम जाईल का, ही धास्ती त्याच्या मनात असणारच ना? ज्याला नाही म्हणणं अवघड आहे, त्याच्यापुढे कागद धरणं म्हणजे सांगणं नाही, ते लादणंच झालं. हेतू कितीही चांगला असो.

आपल्या राज्यघटनेचं कलम २५ प्रत्येकाला आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही. कायद्याची बाजू अशी. पण गॅरेजमध्ये मला जे कळलं ते कायद्याच्याही आधीचं होतं. समोरच्याच्या हातात पाना आहे, तो आधी खाली ठेवू द्यावा, एवढी साधी रीत मी पाळली नव्हती.

गळतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला. रात्रभर धो-धो. सकाळी गाडी उघडली तर मागच्या दाराजवळचं नवं प्लायवूड फुगलेलं, गादी ओली. मागच्या कोपऱ्यातून टपटप पाणी. त्याच कोपऱ्यात मिस्त्रीभाऊंनी वेल्डिंग केलं होतं.

माझा पारा चढला. मी तडक वरठीला गेलो. ते स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर चार माणसांत बसले होते. मी सगळ्यांदेखत बोललो. वेल्डिंग कच्चं आहे, पैसे पूर्ण घेतले आणि काम अर्धं केलं, असं बरंच काही. ते एवढंच म्हणाले, "गाडी आणा, पाहून घेऊ." आणि चहाचा ग्लास अर्धा ठेवून उठले.

गाडी मी नेली नाही. मला वाटलं मीच दुरुस्त करून दाखवतो. त्या कोपऱ्यात पीयू सीलंटची अख्खी ट्यूब ओतली. पुढच्या पावसात पुन्हा टपटप.

मग मोठ्या बाबांनी डोकं लावलं. गळती शोधायची रीत सांगतो, कामाची आहे. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, पण सगळीकडे एकदम नाही. खालून सुरू करायचं आणि वर वर जायचं, प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. आम्ही मागच्या वेल्डिंगवर पाच मिनिटं पाणी सोडलं. आत कोरडं. खिडकीवर सोडलं. कोरडं. छतावर पुढच्या बाजूला, व्हेंटपाशी पाइप धरला. दोन मिनिटांत मोठे बाबा आतून ओरडले, "आलं रे!"

व्हेंट. मी स्वतः बसवलेला. सीलंट लावण्याआधी पत्रा थिनरने पुसायचा असतो, मी धुळीवरच लावला होता. पाणी तिथून आत शिरायचं, छताच्या आतल्या पट्टीवरून मागे वाहत जायचं, कारण आमच्या अंगणाला मागे उतार आहे, आणि शेवटी कोपऱ्यात ठिबकायचं. बिचाऱ्याचं वेल्डिंग पक्कं होतं.

माफी

त्या रात्री झोप आली नाही. व्हेंट नीट करणं सोपं होतं, वीस मिनिटांचं काम. टपरीवर बोललेले शब्द कसे नीट करायचे?

मत्तयाच्या शुभवर्तमानात डोंगरावरचं प्रवचन आहे, पाचव्या ते सातव्या अध्यायात. त्यात येशू म्हणतो ते माझ्या शब्दांत सांगतो. तू देवाला अर्पण करायला वेदीपाशी आलास आणि तुला आठवलं की कोणाच्या तरी मनात तुझ्याबद्दल सल आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. हे मी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली होती. पण त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की अरे, हे तर पत्त्यासकट लिहिलंय. वरठी, स्टेशनजवळ.

दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर गेलो. त्याच वेळी, म्हणजे तीच माणसं असतील. सगळ्यांदेखत म्हणालो, "भाऊ, चूक माझी होती. व्हेंट मी बसवला होता, तो गळत होता. तुमचं काम पक्कं आहे. मी चार लोकांत बोललो, म्हणून चार लोकांतच माफी मागतो."

टपरीवाला दूध ओतता ओतता थांबला. मिस्त्रीभाऊ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मालक लोक माफी नाही मांगत जी." मग पोराला ओरडले, "दोन कट आन बे."

चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे तुमच्या त्या कागदात होतं का?"

पत्रक त्यांनी फेकलं नव्हतं. माझ्या गाडीच्या डॅशबोर्डमधून काढून स्वतःच्या टूलबॉक्सच्या झाकणात ठेवलं होतं. वाचलं मात्र नव्हतं. मी म्हणालो, "त्या कागदात नाही, पण ज्या पुस्तकावरून तो कागद काढलाय, त्यात आहे. सांगू?" या वेळी विचारलं. ते म्हणाले, "सांगा. आज पाऊस आहे, काम नाही."

१८९३ चा प्रवासी

मी त्यांना ते प्रवचन सांगितलं, आणि त्यावरून एक दुसरी गोष्ट. ती तुम्हालाही सांगतो, कारण ती आपल्या या रुळांवरची आहे.

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. कोकणातल्या करजगावचे, कवी, संस्कृतचा व्यासंग, धर्माचा शोध चालू, आणि पोटासाठी नोकरीचाही. नागपूर ते राजनांदगाव म्हणजे आपलीच लाईन. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, डोंगरगड. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्या काळी गोरा माणूस हिंदी माणसाशी कसा वागायचा हे आपण जाणतो. पण हे गृहस्थ आदराने वागले. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. मग देवाधर्माचं निघालं. उतरण्याआधी त्यांनी टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, वाचायची विनंती केली, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते त्या वेळी पटलं नाही. पण वाचायचा शब्द दिला होता, म्हणून वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचं नाव टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मिस्त्रीभाऊंनी विचारलेला प्रश्न मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा होता. "अन् त्यांची बायको?"

हा प्रश्न चुकवायचा नाही, दोस्तांनो. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्यांनी ते सगळं 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलं आहे, रडवणारं आणि हसवणारंही. नवऱ्याचा बाप्तिस्मा झाल्यावर काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. नंतर परत आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळं-ओवळं, खाणंपिणं, मनातले प्रश्न, सगळ्याशी त्यांची स्वतःची झुंज चालली. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. विश्वास सांगण्याच्या गोष्टीत कोणाचं तरी घर दुखावलं जातं, हे मान्य न करता ती गोष्ट सांगू नये. नाहीतर तोही गंजावर मारलेला रंगच.

पुढे टिळकांनी आपला विश्वास मराठीत कसा सांगितला, तेही पाहा. अभंगातून, कीर्तनातून. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असंच ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. माणसाच्या मनातलं जे आहे ते पुसून टाकून मग आपलं लिहायचं, ही त्यांची रीत नव्हती.

मिस्त्रीभाऊंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला त्यांच्या आजोबांचं सांगितलं, जे दरवर्षी पायी पंढरीला जायचे. मी अर्धा तास ऐकलं. तेवढ्यात दोन एक्स्प्रेस आणि एक मालगाडी गेली. पत्रकाच्या वेळी मला त्यांच्याबद्दल काय माहीत होतं? रेट. तेवढाच.

तुम्ही विचाराल, मग ते ख्रिस्ती झाले का? नाही. आणि मी ही गोष्ट त्यासाठी सांगत नाही.

गाडीवर काय लिहायचं

शेवटचं काम पेंटिंगचं. मोठ्या बाबांची इच्छा होती की दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत बायबलचं वचन लिहायचं. मी म्हणालो, नको. ते चिडले. "ट्रकवाले आपापल्या देवाचं नाव लिहितात. आपणच का लपवायचं? तू नम्र आहेस की भित्रा, ते आधी ठरव."

प्रश्न खरा होता. दोन दिवस मला उत्तर देता आलं नाही. कारण मी थोडा भित्रा आहेच. कोणी अडवेल, व्हिडिओ काढेल, ही भीती मनात होती.

शेवटी मी म्हणालो, "मोठे बाबा, गाडी ओव्हरटेक करून निघून जाते. वाचणाऱ्याला प्रश्न पडला तर तो विचारणार कोणाला? आणि हॉर्न आपणच वाजवला, कट आपणच मारला, तर ते वचन कोणाच्या नावावर जाईल?" ते हसले. मग तडजोड झाली. बाहेर काही नाही. आत, डॅशबोर्डवर छोटा लाकडी क्रूस, जसा कोणाच्या गाडीत गणपती असतो, कोणाच्या बुद्ध. लपवलेला नाही आणि दाखवलेलाही नाही. मागच्या फळीवर मराठी नवा करार, शेजारी प्रथमोपचाराची पेटी, टायरचा पंप आणि जंप केबल. कोणी "हा क्रूस कशाचा?" विचारलं तर गोल-गोल उत्तर द्यायचं नाही, सरळ सांगायचं. ही अट मोठ्या बाबांनी माझ्यासाठी घातली, आणि ती मला मान्य आहे.

पहिली सफर

पहिल्यांदा गेलो पवनीला. लांब जायच्या आधी जवळची फेरी मारा, काय ढिलं आहे ते कळतं. आमच्या एका कपाटाचं दार निघालं आणि पाण्याचा पंप उगाच घरघरत राहिला. बाकी ठीक. मोठी आई मागच्या खिडकीत पाय पसरून बसली होती, तिला जिने चढावे लागले नाहीत, एवढ्यानेच पैसे वसूल.

पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, तिथे मोठा बौद्ध स्तूप सापडला. दोन हजार वर्षांहून जुना. दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली. वैनगंगेच्या काठाने आपला विश्वास घेऊन चालत गेलेली माणसं या जिल्ह्याला नवी नाहीत. आमची गाडी त्या लांब रांगेत अगदी शेवटची, आणि तिला चाकं आहेत एवढंच.

संध्याकाळी नदीकाठी चहा करताना आम्ही स्वतःसाठी चार नियम ठरवले. तुमचा धर्म कोणताही असो, किंवा नसो, कामाला येतील.

एक, आधी विचारायचं, मग सांगायचं. दोन, जेवढं बोलू त्याहून जास्त ऐकायचं. तीन, मदत आणि संदेश यांची गाठ बांधायची नाही. रस्त्यात कोणाचं टायर पंक्चर असेल तर पंप द्यायचा, पुस्तक नाही. त्याने स्वतःहून विचारलं तर गोष्ट वेगळी. चार, समोरच्याला "नाही" म्हणणं सोपं राहील असंच बोलायचं, आणि नाही म्हटल्यावर चहा तसाच चालू ठेवायचा.

परतताना वरठीला थांबलो. मिस्त्रीभाऊंनी गाडीला एक चक्कर मारली, खाली वाकून पेचकसाच्या मुठीने पायरीखाली ठोकून पाहिलं. टणटण. "पक्की आहे," म्हणाले. मग वर व्हेंटकडे बोट करून विचारलं, "अन् तो?"

मी म्हणालो, "या वेळी थिनरने पुसून लावला, भाऊ."

चला, आज इतकंच. पुढच्या भागात कमी जागेत स्वयंपाकाचा ओटा कसा बसवायचा ते सांगतो, मोठी आई स्वतः येणार आहे बोलायला. तोवर गाडी सावकाश चालवा. नमस्कार!